वाड्याच्या खात्यावरील शिल्लक

दिवाळीत वहीपूजन आटोपते. पुण्या-मुंबईकडे विखुरलेले भाऊ, पुतणे, नातवंडे दोन दिवस गावच्या घरी एकत्र येतात. फराळाची ताटे उचलली जातात, मुले माडीवर निजायला जातात, थोरली मंडळी ओसरीवर बसतात आणि मग तो विषय निघतो. बारामती असो वा इंदापूर, जुन्या पेठेत ज्या व्यापारी घराण्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या घरी हे चित्र थोड्याफार फरकाने असेच असते.

"दादा, आता काय तो निर्णय घ्या. माडीचं छत गळतंय, राहायला कोणी नाही, आणि मुलांचे फ्लॅटचे हप्ते चालू आहेत," धाकटा भाऊ म्हणतो.

मधला भाऊ मूल्यांकनाचा अहवाल पुढे करतो. त्यात जागेचे क्षेत्रफळ आहे, दर आहे, एकूण रक्कम आहे. खाली एक ओळ आहे : बांधकाम जुने, मूल्य नगण्य.

भिंतीला टेकून बसलेली थोरली काकी एवढेच विचारते, "नगण्य म्हणजे काय रे?"

कोणी उत्तर देत नाही. अहवाल लिहिणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते. बँकेला तारण म्हणून इमारत घ्यायची, तर तिचे उरलेले आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा अधिक असावे लागते. शंभर वर्षांच्या बांधकामाला घसाऱ्याचे कोष्टक लावले की हाती काहीच उरत नाही. ते कोष्टक कर्ज देणाऱ्याच्या सोयीसाठी असते. घर कशाचे बनले आहे, ते अजून किती उभे राहील आणि ते पाडल्यावर पुन्हा काय मिळणार नाही, हे प्रश्न त्या कोष्टकात येत नाहीत. काकींच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे असेल, तर वाडा आधी वाचावा लागतो.

सावकाराचे घर

बारामतीकरांना असा वाडा शोधायला दूर जावे लागत नाही. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. तट-बुरुजांचा, गढीच्या थाटाचा हा वाडा एका सावकाराने उभारला, ही गोष्ट व्यापारी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. जोशी आडनावाचे हे नाईक घराणे अठराव्या शतकात पेशव्यांना कर्ज देण्याइतके संपन्न होते. पेशव्यांशी त्यांचे नातेही होते. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना दिलेली होती. तरीही १७४० मध्ये बाजीरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याकडील येण्याचा तगादा लावणाऱ्यांत बाबूजी नाईक पुढे होते. इतकेच नव्हे, तर रघुजी भोसल्यांच्या पाठिंब्याने ते स्वतः पेशवेपदाचे दावेदार झाले. ते पद नानासाहेबांना मिळाले आणि नाईकांची मसलत फसली.

मसलत फसली तरी घर टिकले. याच घराण्याच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले. पन्हाळ्यास १७२९ मध्ये जन्मलेला हा कवी १७९४ मध्ये बारामतीतच निवर्तला. आयुष्याचा मोठा भाग त्याने येथे पुराण सांगण्यात आणि आर्या रचण्यात घालवला. नाईकांनी कोणाला किती कर्ज दिले आणि त्यातले किती बुडाले, हे आज अभ्यासकांखेरीज कोणी विचारीत नाही. वाडा मात्र गावाच्या ओळखीचा भाग होऊन बसला. गेल्या काही वर्षांत त्याच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले, तेही याच कारणाने.

इंदापूरची ओळखही एका जुन्या वास्तूशी बांधलेली आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी इंदापूरच्या लढाईत देह ठेवला. गावातील गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर जे सुपे परगणा म्हणून नेहमी येते, ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. म्हणजे इतिहास येथे परका नाही. मात्र राजाची गढी किंवा मोठ्या सावकाराचा वाडा यांकडे सरकारचे, नगरपालिकेचे, इतिहासप्रेमींचे लक्ष जाते. पेठेतल्या व्यापाऱ्याच्या घराकडे त्याच्या वारसांखेरीज कोणी पाहणारे नसते.

खणांचा हिशेब

पेठेतली घरे राजकारणाने नव्हे, तर पाण्याने आणि रेल्वेने वाढवली. बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि कोरडवाहू शिवारात ऊस आला. उसामागून गूळ आला, गुळामागून अडत आली. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि माल दूरच्या बाजारांत जाऊ लागला. गुजरात-मारवाडातून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेल्या व्यापारी कुटुंबांना येथे बस्तान बसवण्यास हे दिवस अनुकूल ठरले. पुढे इंदापूर तालुक्यातच वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवले, तेही याच पाण्याच्या बळावर.

त्या काळातले पेठेतले घर रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल असे. पुढे ओटा. त्याला लागून पेढी, म्हणजे पांढरी गादी, लोड, उतरती मेजे आणि भिंतीत बसवलेली तिजोरी. पेढीच्या बाजूने एक बोळ आत जातो आणि चौकात उघडतो. चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर, मागे परसू आणि आड. वर माडी. दोन भिंतींच्या मध्ये धान्यासाठी बळद, कुठे जमिनीत पेव. गिऱ्हाइकाने पेढीपर्यंत यावे, अडत्याने ओसरीपर्यंत, सोयऱ्याने माजघरापर्यंत. कोणाला घरात किती आत घ्यायचे, याचा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो बांधणीतच होता.

ही बांधणी 'खण' या मापाने मोजली जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. जुन्या खरेदीखतांत 'दुमजली, पाच खणी' असे वर्णन आढळते, त्याचा अर्थ हा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा राहतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर पाट. हाच कडीपाट. खालचे जोते घडीव दगडाचे, वरच्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. अशा घरात छताचा भार मुख्यतः लाकडाचा सांगाडा उचलतो. भिंत प्रायः आडोसा देते आणि उन्हाळ्याचा ताप थोपवते. म्हणूनच एखादी भिंत ढासळली तरी माडी जागची हलत नाही, हा अनुभव पेठेतल्या पुष्कळांना आहे.

छतावर कौले नसून माळवद असते, याचेही कारण पाऊस कमी हेच. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला किंवा किलचण आणि त्यावर मातीचा थर. इंदापूरहून सोलापूरच्या दिशेने जावे तशी ही रीत अधिक आढळते. एका कुटुंबाचे उन्हाळी अंथरूण, वाळवणाचे अंगण आणि सणाची बैठक, तिन्ही कामे हे माळवद करी.

सुताची व्यापारपेठ, सफोकमधले गाव

घर आणि पेढी एका छताखाली ठेवण्याची पद्धत केवळ आपली नाही. इंग्लंडच्या पूर्वेस सफोक परगण्यात लॅव्हनहॅम नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत लोकरी कापडाच्या व्यापाराने हे गाव देशातल्या सर्वांत श्रीमंत गावांत गणले जाई. तेथल्या निळ्या कापडाला नाव होते. बाजारचौकातील 'लिटल हॉल' हे घर चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले. ते कॉस्टन नावाच्या कापड व्यापाऱ्यांच्या घराण्याचे होते. राहणे आणि व्यवसाय दोन्ही तेथेच चालत.

त्या घराची बांधणी पाहिली, तर पेठेतला सुतारही ती ओळखील. साग नाही तर ओक, एवढाच फरक. खाली दगडाचे जोते, त्यावर आडवा ओंडका, त्यावर उभे खांब, वर तुळया. खांबांमधली जागा हेझेलच्या काटक्या विणून, त्यावर माती, गवताचा काडीकचरा आणि शेण यांचे मिश्रण थापून भरलेली. आपल्याकडे याला कूड म्हणतात. सुतार हा सांगाडा आपल्या आवारात जमिनीवर जुळवीत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांच्या खुणा कोरीत आणि मग तो उलगडून जागेवर उभा करीत. ओक ओला असतानाच कापला जाई. तो पुढे वाळताना पिळवटला आणि म्हणून त्या गावातली घरे आज किंचित वाकडी दिसतात. सहाशे वर्षे ती तशीच वाकडी उभी आहेत.

आरंभी घराच्या मधोमध एकच उंच दालन असे आणि जमिनीवरच चूल. धूर छपरातून बाहेर पडे. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली, धूर आवरला आणि त्या उंच दालनात मधला मजला घालून माडी करता आली. घर पाडले नाही. त्यात भर घातली.

लॅव्हनहॅमची घरे टिकली, याचे पहिले कारण मात्र अभिमानाचे नाही. सोळाव्या शतकात कापडाच्या व्यापाराची दिशा बदलली आणि गाव दरिद्री झाले. जुने पाडून नव्या पद्धतीचे बांधण्याइतका पैसा कोणाकडे उरला नाही. व्यापाऱ्याच्या एका घरात अनेक गरीब कुटुंबे भाड्याने राहू लागली. लिटल हॉलचीही तीच गत झाली. विसाव्या शतकात गेयर-अँडरसन या जुळ्या भावांनी ते घर घेऊन नीट केले. आज ते एका न्यासाकडे आहे आणि लोक ते पाहायला येतात. ज्या गावाने सुबत्ता गमावली, त्याला तिने मागे ठेवलेल्या घरांनीच पुन्हा उत्पन्न मिळवून दिले. या एका लहान गावात आज ३०० हून अधिक इमारती संरक्षित यादीत आहेत.

कायदा काय करतो, काय करीत नाही

इंग्लंडमध्ये प्राचीन स्मारकांसाठी पहिला कायदा १८८२ मध्ये झाला. साध्या राहत्या घरांना संरक्षण मिळायला मात्र दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. बाँबवर्षावाने शहरे उद्ध्वस्त झाल्यावर, काय राखायचे याची यादी असावी, हे सर्वांना पटले आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने ती रीत पक्की झाली. या यादीत तीन श्रेण्या आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत मोजक्या इमारती येतात. दहांपैकी नऊहून अधिक नोंदी तिसऱ्या, म्हणजे साध्या श्रेणीत आहेत आणि त्यांत असंख्य खासगी घरे आहेत. त्यांत माणसे राहतात, चहा करतात, मुले वाढवतात. मालकी त्यांचीच असते. मात्र परवानगीवाचून तुळई कापता येत नाही, खिडकी बदलता येत नाही. तसे करणे हा गुन्हा आहे. डागडुजीचा खर्च बहुतांशी मालकाच्याच खिशातून जातो.

महाराष्ट्रात प्राचीन स्मारकांविषयीचा राज्याचा कायदा १९६० चा आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली लागू झाली. भारतात अशी ती पहिलीच. पुढे पुण्यासारख्या शहरांनी आपापल्या याद्या केल्या. तालुक्याच्या गावातल्या पेठेतील खासगी घर मात्र अशा यादीत क्वचितच येते. म्हणून तेथे कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तेथे संरक्षणाचा अधिकार आणि पाडण्याचा अधिकार, दोन्ही एकाच हाती आहेत. ते हात म्हणजे घराच्या सहहिस्सेदारांचे.

नुसते संरक्षण कागदावर असूनही भागत नाही, हे पुण्याच्या शनिवारवाड्याने दाखवले आहे. १७३० मध्ये पायाभरणी आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याला आरंभी १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले भस्मसात झाले. उरली ती जोती, तट आणि दरवाजे. याउलट विश्रामबागवाड्यात पेशवाई गेल्यावर संस्कृत पाठशाळा भरली, पुढे टपाल कचेरी आणि नगरपालिकेचा कारभार चालला. त्याच्या सुरुदार खांबांचा दर्शनी भाग आजही रस्त्यावरून दिसतो. वापरात असलेल्या घराचे गळणे कोणाच्या तरी लक्षात येते. कुलूप लावलेल्या घराचे येत नाही.

सिमेंटचा उपकार आणि अपकार

वाडे पडतात ते वयाने नव्हे, तर बहुधा पाण्याने. माळवदाची भेग, तुंबलेली पन्हाळी, न्हाणीची फुटलेली मोरी. पाणी भिंतीत शिरते आणि भिंतीत गाडलेले तुळईचे टोक आतून कुजते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. मग भिंतीला लोणा लागतो, चुना पापुद्र्यांनी सुटतो आणि घरमालक सर्वांत सोपा उपाय करतो : सिमेंटचा गिलावा.

येथेच घोटाळा होतो. जुना गिलावा चुन्याचा. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायची. त्यात कोठे गुळाचे पाणी, कोठे हिरड्याचा किंवा बेलफळाचा काढा घालीत. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होतो, पण त्याची रंध्रे मोकळी राहतात. भिंतीत शिरलेली ओल त्यांतून बाहेर पडते. सिमेंटचा थर ओलीला ही वाट बंद करतो. पाणी आत अडकते, वर चढते आणि शेवटी लाकूड गाठते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडातच निघाले आणि तेथल्या खेड्यांतल्या ओकच्या घरांनाही विसाव्या शतकात हाच लेप देण्यात आला. पुढे खांब कुजू लागले, तेव्हा तो खरवडून पुन्हा चुना लावण्याचे महागडे काम तेथल्या घरमालकांना करावे लागले. सिमेंट हा वाईट पदार्थ नव्हे. धरणे, पूल, कारखाने त्यानेच उभे केले. मातीच्या भिंतीवर मात्र ते परके आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुने ते सारे मजबूत, ही समजूत धोक्याची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातील खेड्यांत हजारो माणसे दगावली. तेथेही घरात लाकडी खणांचा सांगाडा होता. पण मातीत रचलेल्या दगडी भिंती जाड होत्या, त्यांतील आतली आणि बाहेरची थर एकमेकींना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती टाकत गेल्याने माळवदाचे वजन वाढले होते. बारामती-इंदापूरच्या माळवदी घरांनी हा धडा घ्यावा. छतावर नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवावी. दुसरा धोका विजेच्या जुन्या तारांचा. वाळलेल्या सागवानावर खिळ्यांनी ठोकलेली तार ही शनिवारवाड्याची आठवण देणारी गोष्ट आहे.

नगण्याचा हिशेब

आता काकींच्या प्रश्नाकडे वळता येईल. समजा, एका वाड्यात ८ इंच चौरस आणि १० फूट उंच असे ४० खांब आहेत. एका खांबात सुमारे ४.४ घनफूट सागवान भरते. चाळीस खांबांत जवळजवळ १७८ घनफूट. तुळया, कड्या, पाट, दारे, चौकटी यांचे लाकूड त्याहून कितीतरी अधिक. घडीव दगडाचे जोते वेगळे. पाडकाम करणारा ठेकेदार हे सारे एका नजरेत मोजतो. म्हणूनच तो पुष्कळदा म्हणतो, "मलबा आम्ही फुकट उचलून नेऊ." ज्याला अहवालात नगण्य म्हटले, ते त्याच्या वहीत जमेच्या बाजूला येते.

यापलीकडे जे आहे ते कोणत्याच वहीत मांडता येत नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील अनेक गावे गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, तेव्हा माणसे होडीने जाऊन ते पाहतात. ज्यांची घरे तेथे होती, ती मात्र कोणालाच दाखवता येत नाहीत. त्या कुटुंबांना निवड नव्हती. धरणाने या प्रदेशाला पाणी दिले, त्यासाठी त्यांनी घर दिले. पेठेतल्या कुटुंबांना निवड आहे. निवड असलेल्याने निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा.

त्यासाठी पाच गोष्टी करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही मोठा पैसा लागत नाही.

पहिली, घराची वही. व्यापारी कुटुंबात प्रत्येक धंद्याची वही असते, घराची नसते. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, खरेदीखत, वाटणीपत्र, पाणीपट्टी-घरपट्टीच्या पावत्या एकत्र कराव्यात. मोडीतले कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. एखाद्या विद्यार्थी वास्तुरचनाकाराकडून मोजमापे घेऊन नकाशा करावा, प्रत्येक दालनाची छायाचित्रे काढावीत. घरातल्या वृद्धांना, कोण कोठे जन्मले, पेढीवर कोण बसे, आड कधी आटला, हे विचारून लिहून घ्यावे. पुढे घर राहो वा न राहो, ही वही राहील.

दुसरी, पावसाआधीची फेरी. वैशाखात छत, पन्हाळी, मोऱ्या तपासाव्यात आणि तुळईची भिंतीतली टोके टोचून पाहावीत. टोक कुजले असेल तर सबंध तुळई बदलावी लागत नाही. तेवढा भाग कापून नवा तुकडा सांध्याने जोडता येतो. हे काम जाणणारे सुतार संख्येने थोडे आहेत, पण आहेत.

तिसरी, पाहणी जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडूनच करावी. ज्याने केवळ काँक्रीट पाहिले आहे, तो पाडण्याखेरीज सल्ला देऊ शकत नाही. तो धोका दाखवील तर मात्र तोही ऐकावा. माणसाच्या जिवापेक्षा वाडा मोठा नाही.

चौथी, वाटणी भिंतींनी करू नये. चौकाच्या मधोमध भिंत घातली की चौघांना चार अंधाऱ्या खोल्या मिळतात आणि वाडा कोणालाच मिळत नाही. हिस्से टक्केवारीने ठरवावेत, वापर आळीपाळीने किंवा दालनांप्रमाणे ठरवावा, देखभालीसाठी सर्वांनी दरवर्षी ठरावीक रक्कम एका संयुक्त खात्यात भरावी. ज्याला पैशांची गरज आहे, त्याचा हिस्सा इतरांनी रास्त भावाने घ्यावा. त्याला भावनेच्या भरात अडवून धरू नये. हक्कसोडपत्र केले तर ते नोंदणीकृतच असावे. निम्म्याहून अधिक वाडे वाळवीने नव्हे तर अबोल्याने पडतात, असे म्हटले तर पेठेत कोणी नाकारणार नाही.

पाचवी, पाडायचेच ठरले तर उरवता येईल तेवढे उरवावे. दर्शनी भाग आणि पेढी राखून मागे नवे बांधकाम करता येते का, हे नगरपालिकेत आणि वास्तुरचनाकाराकडे विचारावे. तेही शक्य नसेल तर खांब, महिरपी, दारे यांची यादी करून ती करारात लिहून घ्यावीत आणि नव्या घरात बसवावीत. जोत्याचे दगड नव्या जोत्यात घालता येतात. लिटल हॉलमध्ये धुराडे आले, माडी आली, भाडेकरू आले आणि गेले. बदल हा जुन्या घराचा शत्रू नाही. न पाहता केलेला बदल हा शत्रू आहे.

ओसरीवरची ती बैठक त्या रात्री संपत नाही. सहसा पुढच्या दिवाळीवर जाते आणि मधल्या वर्षात एक पावसाळा येऊन जातो. छताला दुसरी भेग पडते, अहवालातला 'नगण्य' हा शब्द आणखी थोडा खरा होतो. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचे व्याज पावसाळा वसूल करतो.

कोणी शहाणा पुतण्या सकाळी उठून मोजपट्टी आणि वही घेतो. आधी खांब मोजतो, मग तुळया. काकी चौकात उभी राहून सांगते, "तो कोपऱ्यातला खांब बघ. तुझ्या आजोबांनी त्यावर पोरांच्या उंचीच्या रेघा ओढल्यात. तुझ्या बापाचीही आहे." पुतण्या वाकून पाहतो, रेघ सापडते. तो ती मोजतो आणि वहीत लिहितो : तीन फूट दोन इंच.

घर राखायचे की विकायचे, हे अजून ठरलेले नसते. पण आता खाते उघडलेले असते, आणि पहिली नोंद जमेची असते.